मुस्लिम-मराठा थर

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर आठवीच्या वर्गातली एक मुलगी काडेपेटीत काहीतरी घेऊन आली. उघडून बघितलं तर काचेच्या बांगडीचा तुकडा. दोन बोटांच्या पेराएवढा, काळ्या काचेवर पिवळी रेघ. तिच्या मामूंच्या शेताला लागून गावची जुनी पांढरी आहे, तिथं पावसानं धुपलेल्या कडेला तिला तो सापडला होता. तिनं विचारलं, "टीचर, हा मोहेंजोदडोचा आहे का?"

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपण पाठ्यपुस्तकात पुरातत्त्व शिकवतो ते मोहेंजोदडो, हडप्पा, फार तर इनामगावपर्यंत. त्यानंतर जमिनीतून निघणारा इतिहास संपतो आणि पुस्तकातला सुरू होतो. सुलतान येतात, लढाया होतात, सनावळ्या पाठ होतात. तवारीख असली की खणायचं कशाला, अशी आपली समजूत. बीएडला मीही हेच शिकले आणि बरीच वर्षं हेच शिकवलं.

त्या तुकड्यामुळे मी पुन्हा वाचायला बसले. जे वाचलं, ते आपल्या लोकांना सांगावंसं वाटलं. आपल्या लोकांना म्हणजे मराठी मुसलमानांना तर खरंच, पण ज्यांच्या गावाला पांढरी आहे अशा सगळ्यांनाच.

पांढरी हा शब्द शहरातल्या वाचकांसाठी सांगते. गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. मातीची घरं पिढ्यान् पिढ्या पडतात, त्यावर नवी उभी राहतात, राख, शेण, भुसा, हाडं, खापरं सगळं तिथंच मुरतं, आणि त्या जागेची माती फिकट होत जाते. वस्तीची उंचीही वाढते. आपल्याकडच्या नदीकाठच्या गावांची टेकाडं अशी तयार झाली. दुष्काळानं, लुटीनं किंवा रोगानं गाव उठून गेलं की महसुली कागदात त्याला 'बेचिराख' म्हणत. मूळ फारसी शब्द बेचिराग, जिथं दिवा लागत नाही ते. आपल्या शेतकऱ्याला हे दोन्ही शब्द माहीत आहेत, आणि दोन्ही शब्द पुरातत्त्वाचेच आहेत.

आता हे टेकाड खणायचं तर वरून खाली. सगळ्यात वर अलीकडचं, त्याखाली त्याच्या आधीचं. म्हणजे प्राचीन काळापर्यंत पोचायचं तर उत्तर मध्ययुगातून जावंच लागतं. नेवाशाला १९५४ ते ५६ मध्ये डेक्कन कॉलेजनं असं उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, शां. भा. देव, झै. दा. अन्सारी आणि एर्हार्ट अशा चौघांच्या नावानं त्याचा जाडजूड अहवाल १९६० साली निघाला. त्याच्या नावाचा अर्थच 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' असा आहे. वरून खाली जाणं हाच त्या कामाचा डौल. खालच्या थरांत अश्मयुग, ताम्रपाषाणयुग, सातवाहन, रोमशी व्यापार. आणि सगळ्यात वरच्या, सहाव्या कालखंडाला त्यांनी नाव दिलं 'मुस्लिम-मराठा'.

हे नाव वाचून मी थांबले. बहमनी, निजामशाही, मुघल, शिवकाल, पेशवाई, हे सगळं त्या एका जोडशब्दात. नेवासं ज्ञानेश्वरीचं गाव. तिथल्या खापरांच्या थराला पुण्याच्या विद्वानांनी 'मुस्लिम' आणि 'मराठा' यांच्यामध्ये फक्त एक छोटी आडवी रेघ काढून एकच नाव दिलं. मला नाही वाटत त्यांनी त्यात काही संदेश ठेवला होता. बहुधा सोय म्हणून दिलं असेल. खापरांवरून कोणतं घर कुणाचं ते वेगळं काढता आलं नसेल. पण मला ती सोयच आवडली. अहवालावर अन्सारींचं नाव बघूनही बरं वाटलं. नंतर इनामगावच्या अहवालावरही ढवळीकर आणि सांकलिया यांच्यासोबत ते आहे. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंची आणि नटांची नावं माहीत असतात. हे नावही त्यांना माहीत असावं.

मात्र या वरच्या थराचं नशीब काही चांगलं नाही. खणणाऱ्याची नजर खाली असते. वरचा थर खड्ड्यांनी, पेवांनी, नांगरांनी आधीच विसकटलेला, शिवाय या काळाचे कागद आहेतच, मग चार पानांत त्याची बोळवण होते. इमारतींचा अभ्यास कलेचे अभ्यासक करतात, कागदांचा इतिहासकार. या दोघांच्या मधलं मातीतलं सगळं कुणाचंच राहत नाही.

कोल्हापूरची ब्रह्मपुरी हे याचं बोलकं उदाहरण आहे. पंचगंगेच्या काठच्या त्या टेकाडात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, लहानशी कांस्यमूर्ती सगळ्यांना माहीत आहे. टाऊन हॉल म्युझियमला गेलेला प्रत्येक जण तिच्याबद्दल बोलतो. त्याच टेकाडावर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी पद्धतशीर उत्खनन केलं, तेव्हा वरच्या बहमनी थरात काचेच्या बांगड्या निघाल्या. एकरंगी होत्या, आणि काळ्या काचेवर दुसऱ्या रंगांच्या रेघा, ठिपके बसवलेल्या अनेकरंगीही. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेच्या इतिहासावर अख्खं पुस्तक लिहिलं. दख्खनमध्ये अशा बहुरंगी बांगड्या दिसल्या की अभ्यासकाला बहमनी काळाची आठवण होते, ती या कामामुळे.

आता जरा फिरिश्ता आठवा. विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात बसून त्यानं दख्खनची तवारीख लिहिली. तिच्याशिवाय बहमनी इतिहास लिहिताच येत नाही, इतकी ती मोलाची. पण तिच्यात बायका किती? चांदबीबी, काही मलिका, काही शहजाद्या. आणि पांढरीत? जिथं हात घालावा तिथं बांगडी. गरीब बाईची, सावकाराच्या बायकोची, कुणाची ते सांगता येत नाही, पण बाई तिथं होती, तिनं बांगड्या भरल्या होत्या, एक फुटली. कुणीतरी त्या घडवल्या, कुणीतरी डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव विकल्या. माझ्या नानीच्या गावात मणियारीण यायची. सगळ्या आळ्यांत तिला माजघरापर्यंत वाट होती, कारण लग्नाआधी चुडा तीच भरायची. मणियार या आडनावाची मुलं आजही माझ्या हजेरीपटावर आहेत. त्यांच्या पूर्वजांचा इतिहास कुठल्या बखरीत मिळणार? मिळाला तर या थरात मिळेल.

कोणता थर कधीचा, हे कसं कळतं, असं वर्गात मुलं विचारतात. नाणं सापडलं तर सोपं. पण नाणं शंभर वर्षंही हातात फिरतं. म्हणून इतर खुणा लागतात. मला सगळ्यात गमतीची वाटते ती चिलीम. असद बेग नावाचा अकबराचा वकील १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्यानं तंबाखू आणि हुक्का बादशहापुढे ठेवला. त्यानं आधी कधी असली चीज पाहिली नव्हती. म्हणजे तंबाखू तेव्हा दख्खनमध्ये नुकती रुळत होती. मग ज्या थरात तंबाखूची मातीची चिलीम निघाली, तो थर फिरोजशहा बहमनीच्या काळचा असूच शकत नाही. तशीच चिनी भांडी. आपण मराठीत 'चिनी माती' इतक्या सहज म्हणतो की त्यातलं चीन विसरतो. चौलच्या परिसरात निळ्या नक्षीच्या पांढऱ्या चिनी भांड्यांची खापरं सापडतात. चीनमध्ये त्यांच्या घडणीचा काळ चांगला माहीत असल्यानं ती चौलच्या थराला तारीख देऊन जातात. ठिकरीचा हा उपयोग कळल्यापासून मी रस्त्यानं खाली बघत चालते. घरचे हसतात.

दगडावरची तारीख वाचायला मात्र भाषा लागते, आणि इथं माझ्यासारख्या उर्दू-मराठीच्या शिक्षकाचा थोडा उपयोग होतो. दख्खनमध्ये शुहूर सन चालत होता, १३४४ पासूनचा. त्याचं वर्ष मृगाला बदलायचं, कारण शेतसारा पिकाशी जोडलेला, आणि हिजरी वर्ष पिकाशी जुळत नाही. आकडे मात्र अरबीत, आणि आधी एकक, मग दशक. 'खमस सबैन अलफ' म्हणजे पाच, सत्तर, हजार : १०७५. त्यात ५९९ मिळवा, १६७४ येतात. जानेवारीपासून मृगापर्यंतचे महिने असतील तर ६०० मिळवायचे. शिवराज्याभिषेक झाला त्या वर्षाचा हा शुहूर सन. त्यानंतरही मराठी कागदांत, अगदी पेशवाईतही, ही अरबी अंकमोजणी चालूच राहिली. मोडी वाचणाऱ्या कितीतरी जणांना अर्बा, खमस, सित्त तोंडपाठ असतात, फक्त ते अरबी आहेत हे लक्षात नसतं. माझ्या वर्गातली मुलं मदरशात हे आकडे शिकतात आणि ते मराठी इतिहासाचे आहेत हे त्यांच्या लक्षात नसतं. अलिबागजवळ नागावला हंबीररावाच्या काळचा मराठी शिलालेख आहे. त्यावर हिजरी ७६९ आणि शके १२८९ अशा दोन्ही तारखा आहेत. शिलालेख घडवणाऱ्याला त्यात काही विशेष वाटलं नसावं.

खणल्याशिवायही या काळाचं पुष्कळ काम होतं. भीमेच्या काठी, गुलबर्ग्याच्या दक्षिणेला फिरोजशहानं १४०० च्या सुमारास फिरोजाबाद वसवलं. जॉर्ज मिशेल आणि रिचर्ड ईटन यांनी तिथल्या उभ्या-पडक्या भिंती, दरवाजे, मशीद, हमाम मोजून, नकाशे काढून १९९२ मध्ये पुस्तक केलं. पुष्कर सोहोनी यांनी २०१८ च्या पुस्तकात अहमदनगरच्या निजामशाहीचं असंच काम केलं. किल्ले आणि मकबरे एवढ्यावरच न थांबता त्यांनी महाल, बागा, पाण्याची सोयही बघितली. मला स्वतःला पाण्याची सोय सगळ्यात जवळची. खडकीत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, मलिक अंबरनं नहर आणली. डोंगराच्या बाजूचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून, उताराचा अंदाज घेत, मध्ये मध्ये हवा सुटायला आणि गाळ काढायला तोंडं ठेवत शहरात खेळवलं. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यात पुण्यात पेशव्यांनी कात्रजचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं, तेही असंच जमिनीखालून, असेच उच्छ्वास ठेवून. एका कारागिराकडून दुसऱ्याकडे ही विद्या कशी गेली, याचा कागद माझ्या वाचनात आलेला नाही. पण उतार काढणारा गवंडी, चुना मळणारा आणि खापरी नळ भाजणारा कुंभार राज्य बदललं म्हणून आपलं काम विसरत नाही.

इथं कुणीतरी विचारणार, आणि विचारावंच : देवळांच्या दगडांचं काय? दौलताबादची जामा मशीद १३१८ ची, तिचे खांब जुन्या देवळांचे आहेत, हे बघणाऱ्याला दिसतं. आज तिथं भारतमातेचं मंदिर आहे. देवगिरी जिंकलं गेलं आणि देवळं पडली. ते लपवून काही मिळत नाही, आणि ते मी किंवा माझ्या विद्यार्थ्यांनी केलेलं नाही, म्हणून लपवायचं कारणही नाही. पण दगड एवढंच सांगत नाहीत. कल्याणीला, म्हणजे आताच्या बसवकल्याणला, १३२६ चा संस्कृत शिलालेख आहे. बंडाच्या धामधुमीत तिथल्या शिवलिंगाची मोडतोड झाली होती. मुहम्मद तुघलकाच्या ख्वाजा अहमद नावाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज गेला, त्यानं परवानगी दिली, आणि लिंग पुन्हा बसलं. ईटन आणि वागोनर यांनी दख्खनच्या अशा ठिकाणांवर लिहिताना याची सविस्तर चर्चा केली आहे. तिकडे विजयनगरात अहमद खान नावाच्या सरदारानं १४३९ मध्ये मशीद बांधली. तिच्यावरच्या कन्नड लेखात तिला धर्मशाळा म्हटलं आहे आणि पुण्य राजा देवरायाला अर्पण केलं आहे. देवगिरीही खरं आणि कल्याणीही खरं. ज्याला एकच हवं असतं त्याला दगड वाचायचा नसतो, फेकायचा असतो.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. हा थर सगळ्यात जास्त वेगानं कोण नष्ट करतंय? जेसीबी करतोच. गढीची पांढरी माती भरावाला, विटांना, शेतात टाकायला ट्रॉली भरभरून जाते. सरकारच्या १९५८ आणि १९६० च्या कायद्यांखाली जी स्मारकं नोंदली आहेत त्यांना पाटी तरी आहे. गावोगावच्या हजारो लहान मशिदी, दर्गे, आड, बारव कुणाच्याच यादीत नाहीत. ते आपल्या हातात आहेत. आणि आपण काय करतो? टाइल्स लावतो.

माझ्या माहेरच्या गावातल्या जुन्या मशिदीच्या दारावर फारसी शिलालेख होता. लहानपणी अब्बा नमाजला जाताना मला दारापर्यंत नेत आणि तिथंच थांबवत. तिथं उभी राहून मी वर बघत असे. वाचता येत नव्हतं, पण वेलीसारखी अक्षरं होती, मधल्या एका शब्दाचा 'नून' मोठ्या होडीसारखा. दर रमजानच्या आधी मशिदीला रंग लागायचा आणि लेखालाही लागायचा, हिरवा ऑइल पेंट. आदरानंच लावत. फारसी लेख बहुतेक उठावाचे असतात, म्हणजे अक्षर वर आणि भोवतालचा दगड खाली. दरसाल रंगाचा एक हात बसला की मधल्या खाचा भरत जातात. आधी नुक्ते बुडतात. आणि या लेखांत तारीख पुष्कळदा आकड्यात नसते, शेवटच्या ओळीच्या अक्षरांत असते. प्रत्येक अक्षराला किंमत, सगळ्यांची बेरीज म्हणजे हिजरी साल. बेची किंमत दोन, तेची चारशे. दोन्ही अक्षरं एकाच घडणीची, फरक फक्त नुक्त्यांचा. एक नुक्ता रंगात बुडाला की इमारतीचं वय ३९८ वर्षांनी चुकतं.

मी फारसी वाचण्याइतकी झाले तोवर लेख दिसेनासा झाला होता. दुरुस्तीत दारावर चकचकीत टाइल्स आल्या. लेख त्यामागे आहे की फोडून काढला, हे कमिटीतल्या कुणालाच नक्की सांगता आलं नाही. एक बुजुर्ग म्हणाले, "बेटा, लेख जुना झाला होता, वाचता येत नव्हता." दुसरे हळूच म्हणाले, "आजकाल जुनं काही दिसलं की लोक प्रश्न विचारतात. नवं असलेलं बरं." हे दुसरं उत्तर मला जास्त लागलं. भीती खोटी नाही, मीही याच देशात राहते. पण पुरावा पुसल्यानं प्रश्न थांबत नाहीत. उत्तर द्यायला हातात काही उरत नाही, इतकंच.

खरं तर अशा लेखांसाठी सरकारची सोय महाराष्ट्रातच आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूरला आहे. डॉ. झियाउद्दीन देसाई तिथं संचालक होते. देशभरातले लेख वाचून, ठसे घेऊन छापण्याच्या कामात त्यांचं आयुष्य गेलं. ठसा घेणंही काही अवघड नसतं. दगड धुवायचा, ओला कागद बसवायचा, ब्रशनं ठोकून खाचांत घालायचा, वर शाईचा बोळा फिरवायचा. तेही नको असेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात मोबाइलवर फोटो काढा, अक्षरं सावलीनं उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारू नका.

त्या मुलीच्या तुकड्याचं काय झालं? मी तिला सांगितलं की तो बहमनी असू शकतो, तिच्या पणजीचाही असू शकतो. जागेवरून उचलला की नुसती काच उरते. तिला वाईट वाटलं. मग आम्ही एका रविवारी सात मुली आणि तिचे मामू असे पांढरीवर गेलो. काही उचललं नाही, उकरलंही नाही. पावलांनी लांबी-रुंदी मोजली, आडाची जागा लावली, कुठं खापरं जास्त दिसतात ते वहीत टिपलं. एका मुलीला चिलमीचं तोंड दिसलं, तिचा आनंद बघण्यासारखा होता. मामू आधी वैतागले होते. परत येताना सांगू लागले की बांधाकडची कड ते यंदा ट्रॉलीवाल्याला देणार होते, आता थांबवतील. थांबवलं की नाही, ते दिवाळीनंतर कळेल.

आणि शेजारच्या गावात आणखी एका मशिदीचं काम निघालंय. दारावर लेख आहे, रंग चढलेला, पण शेवटची ओळ अजून दिसते. कमिटीच्या सदरसाहेबांना मी आमच्या मिस्टरांकरवी निरोप पाठवला होता. ते म्हणाले, "टाइल्स तर लावणारच, पण टीचरना म्हणावं, दोन फुटांची चौकट सोडतो. वाचून मराठीत लिहून द्या, बाजूला लावू." काम बकरीदनंतर सुरू होणार आहे. त्याआधी रंग काढायला कोणतं द्रावण दगडाला चालतं, ते नागपूरला विचारायचं आहे.